ॲरन स्वार्ट्झ: तुमच्या-आमच्या मजकुरातल्या # मागचा माणूस

एआयकडून मिळालेलं उत्तर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकलं, की मध्येच ## आणि  अशी चिन्हं दिसतात ना? माझ्या धाकट्या भावाला वाटलं, फोनच बिघडला. फोन ठीक होता. ती चिन्हं म्हणजे मार्कडाउन. ओळीच्या सुरुवातीला # म्हणजे शीर्षक, शब्दाच्या दोन्ही बाजूंना  म्हणजे ठळक अक्षरं. व्हॉट्सॲप ठळक अक्षरांसाठी एकच * वापरतं, म्हणून घोळ होतो.

मी कामावर रोज ब्राउझरमध्ये मार्कडाउन लिहितो. पण ते घडवण्यात ज्याचा हात होता, तो मुलगा कोण होता हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

ॲरन स्वार्ट्झचा जन्म ८ नोव्हेंबर १९८६ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. तेराव्या वर्षी त्याने एक वेबसाइट बनवली. कोणीही यावं, ब्राउझरमध्येच लिहावं आणि ज्ञानकोशात भर घालावी, अशी कल्पना. विकिपीडिया तेव्हा सुरूही झाला नव्हता. या कामाला बक्षीस मिळालं. चौदाव्या वर्षी तो आरएसएस १.० चं स्वरूप ठरवणाऱ्या गटात होता. पॉडकास्टचे नवे भाग आपोआप आपल्यापर्यंत पोचतात, ते याच आरएसएस कुटुंबातल्या तंत्रामुळे.

त्या काळी वेबवर लिहायचं तर एचटीएमएलचे टॅग हाताने टाकावे लागत. एक टॅग बंद करायचा राहिला, की पुढचं सगळं पान ठळक! २००२ मध्ये ॲरनने साध्या मजकुरासाठी 'एटीएक्स' नावाची पद्धत काढली. त्यात शीर्षकासाठी # होता. २००४ मध्ये जॉन ग्रुबरने मार्कडाउन आणलं. त्याचे नियम ठरवताना ॲरनने बरीच मदत केली आणि त्याचा # तिथे आला. एचटीएमएलचं पुन्हा मार्कडाउन करून देणारा प्रोग्रामही त्याने लिहिला.

कल्पना साधी होती. चिन्हं अशी हवीत, की रूपांतर न करताही मजकूर वाचता यावा. वेगळं सॉफ्टवेअर नको, महागडा कॉम्प्युटर नको. म्हणूनच आज स्वस्तातल्या फोनवर, ब्राउझरच्या एका चौकटीत बोटाने टाइप करूनही नीटनेटकं पान तयार होतं.

२००५ मध्ये स्टॅनफर्डचं शिक्षण एका वर्षात सोडून त्याने इन्फोगामी सुरू केली. ब्राउझरमध्ये मार्कडाउन लिहा, तुमची वेबसाइट तयार. कंपनी चालली नाही, ती रेडिटमध्ये विलीन झाली. २००६ मध्ये रेडिट विकलं गेलं आणि विशीतच त्याच्याकडे पैसा आला. पण ऑफिसात त्याचं मन रमलं नाही. तो ओपन लायब्ररीच्या कामाला लागला. प्रत्येक पुस्तकासाठी एक पान, आणि ते कोणालाही सुधारता येईल असं. इन्फोगामीचा कोड आजही तिथे चालतो.

मग आला कठीण काळ. संशोधनाचे लेख पैसे भरणाऱ्यांनाच का मिळावेत, हा त्याचा प्रश्न होता. २०१०-११ मध्ये त्याने एमआयटीच्या नेटवर्कला लॅपटॉप जोडून जेस्टोरवरचे लाखो लेख उतरवून घेतले. जानेवारी २०११ मध्ये त्याला अटक झाली. त्याने डेटा परत केला, जेस्टोरने आपल्या बाजूने वाद मिटवला. सरकारी वकिलांनी मात्र खटला सोडला नाही. कलमं वाढत गेली, अनेक दशकांच्या कैदेची शक्यता समोर आली. त्याच काळात तो इंटरनेटवर बंधनं आणू पाहणाऱ्या सोपा विधेयकाविरुद्ध लढत होता. २०१२ मध्ये ते विधेयक बारगळलं.

११ जानेवारी २०१३ ला न्यूयॉर्कमध्ये, खटला उभा राहण्याआधीच, त्याने आयुष्य संपवलं. वय २६. त्यानंतर आरोप मागे घेतले गेले. त्याच वर्षी इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं. तेव्हा ते ऐकायला तो नव्हता.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मला प्रोजेक्टसाठी एक पेपर हवा होता. किंमत डॉलरमध्ये होती. मी फक्त सारांश वाचून भागवलं आणि प्रोजेक्ट अर्धवट समजुतीवर उभा राहिला. त्यामुळे ॲरनचा राग मला कळतो. त्याची पद्धत बरोबर होती का, यावर माझे मित्र अजून भांडतात. पण त्या कृतीला इतकी मोठी शिक्षा समोर ठेवावी, हे मला पटत नाही.

मी आता त्याच्यापेक्षा वयाने मोठा आहे. रोज सकाळी ब्राउझर उघडतो, # टाइप करतो आणि लिहायला लागतो. फुकट, कोणाची परवानगी न घेता. तुमच्या फोनवरही करून बघा.

आणि तुम्ही स्वतः कधी एकटे पडलात, सगळं संपवावंसं वाटलं, तर आधी कोणाशी तरी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो.