जेम्स क्लार्क मॅक्सवेल : दोन विद्यार्थ्यांचे प्राध्यापक

रडारची किंवा मोबाईल टॉवरची अँटेना कशी असावी हे आज आधी संगणकावर ठरते. पीएच.डी.चा विद्यार्थी अँटेनाभोवतीची जागा लहान लहान घरांत वाटतो, काळाचेही बारीक तुकडे पाडतो, आणि प्रत्येक घरात या क्षणी विजेचा व चुंबकाचा जोर किती, पुढच्या क्षणी किती, हे यंत्राकडून काढून घेतो. ही रीत केन यी यांनी १९६६ साली मांडली. घरे कोट्यवधी असली तरी प्रत्येक घराला लावायचे नियम तेच, मॅक्सवेल यांची समीकरणे. विद्यार्थी त्यांवर चार-पाच वर्षे घालवतो, त्याचे मार्गदर्शक उभा जन्म घालवतात. आपल्या नारायणगावाजवळ खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आकाशातले रेडिओतरंग टिपतात, ते तरंगही याच नियमांनी चालतात. ज्यांच्या नावाने ही समीकरणे ओळखली जातात ते स्वतः कसे शिकले आणि कसे शिकवीत, ते आज पाहू.

जेम्सचा जन्म १३ जून १८३१ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. बालपण गॅलोवे भागातील ग्लेनलेअर या शेतवाडीवर गेले. प्रत्येक वस्तू कशी चालते हे विचारून तो घरच्यांना हैराण करी. आईने त्याला पवित्र शास्त्र शिकवले. आठव्या वर्षी ११९वे स्तोत्र त्याला सबंध पाठ येत होते. त्याची वचने १७६. शब्बाथ शाळेत त्यातली पहिली आठ पाठ करून घेताना काय दमछाक होते ते आपल्या शिक्षकांना ठाऊक आहे! पण १८३९ साली आई पोटाच्या कर्करोगाने वारली. मग घरी शिकवायला एक तरुण ठेवला. तो मुलाला मंद समजे व मारी. अखेर वडिलांनी त्याला एडिंबरोच्या शाळेत घातले. वडिलांनीच बेतलेले जाडेभरडे जोडे आणि खेडवळ बोली पाहून मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचे कपडे फाडले व वेडपट हे नाव पाडले. ते नाव कित्येक वर्षे टिकले.

चौदाव्या वर्षी त्याने अंडाकृती वक्र काढण्याची एक नवी रीत शोधली. ती प्राध्यापक फोर्ब्स यांनी १८४६ साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे स्वतः वाचून दाखवली. पुढे १८५४ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत त्याचा दुसरा नंबर आला. पहिला राउथ नावाच्या विद्यार्थ्याचा.

खरा गुरू मात्र वर्गाबाहेर भेटला. मायकेल फॅरडे हे लोहाराचे पुत्र, पुस्तक बांधणीच्या दुकानात वाढलेले, एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे वडील. त्यांना गणित येत नव्हते. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस ज्या रेषांत जमतो, त्या रेषा रिकाम्या जागेतही खऱ्या असतात असे ते म्हणत, आणि गणिती मंडळी ते फारसे मनावर घेत नसत. चोविशीच्या मॅक्सवेल यांनी प्रथम फॅरडे यांचे सगळे प्रयोग वाचले, आणि मग त्या रेषांना गणिताची भाषा दिली. तो निबंध मिळाल्यावर फॅरडे यांनी आनंदाने उत्तर लिहिले. पुढे त्यांनी एक विनंतीही केली : गणितातून जे निघते ते आमच्यासारख्यांना प्रयोग करता येतील अशा साध्या भाषेत का सांगू नये? दोघांत ४० वर्षांचे अंतर होते. कोण कोणाचा मार्गदर्शक हे सांगणे मला तरी कठीण वाटते.

१८५६ साली मॅक्सवेल ॲबर्डीनला प्राध्यापक झाले. तिथल्या प्राचार्यांची कन्या कॅथरीन हिच्याशी १८५८ साली त्यांचा विवाह झाला. दोनच वर्षांत तेथील दोन कॉलेजे एक झाली आणि त्यांची जागा गेली. एडिंबरोची जागा त्यांचा शाळासोबती टेट याला मिळाली. खरे सांगायचे तर मॅक्सवेल वर्गावर चांगले शिकवीत नसत. विचार पुढे धावे, फळ्यावर चुका होत, मुले मागे राहत. त्याच वर्षी त्यांना देवी आल्या. पत्नीने शुश्रूषा केली म्हणून ते वाचले.

नंतर लंडनच्या किंग्ज कॉलेजात असताना त्यांचे सर्वांत मोठे काम झाले. वीज आणि चुंबक यांच्या मोजमापांतून त्यांनी त्या क्षेत्रातल्या तरंगाचा वेग काढला, तो प्रकाशाच्या वेगाशी जवळजवळ जुळला. म्हणजे प्रकाश हाच विद्युत्-चुंबकीय तरंग! १८६५ च्या निबंधात त्यांनी वीस समीकरणे दिली. आज शिकवतात ती चार समीकरणे ऑलिव्हर हेविसाइड यांनी पुढे १८८० नंतरच्या दशकात आटोपशीर केली. पण असा तरंग कोणी निर्माण करून दाखवला नव्हता, आणि पुष्कळ मोठ्या शास्त्रज्ञांना हे पटले नाही.

१८६५ साली नोकरी सोडून ते ग्लेनलेअरला गेले. तेथे त्यांनी १८७३ साली निघालेला मोठा ग्रंथ लिहिला, कॉरसॉकच्या मंडळीत वडील म्हणून सेवा केली, आजाऱ्यांच्या घरी जाऊन वाचन व प्रार्थना केली. मात्र विज्ञानाचा आजचा एखादा तर्क घेऊन शास्त्रवचनाला आधार म्हणून जोडणे त्यांना मान्य नव्हते. तर्क उद्या बदलेल, आणि वचनाचा लावलेला अर्थही त्याच्याबरोबर पडेल, ही त्यांची भीती होती. आपल्या व्यासपीठांवरून असे जोड किती सहज लावले जातात!

१८७१ साली केंब्रिजने त्यांना नव्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेसाठी बोलावले. १८७४ मध्ये ती उघडली. दारावर १११व्या स्तोत्रातले वचन लॅटिनमध्ये कोरले होते. पीएच.डी. ही पदवी त्या काळी इंग्लंडात नव्हतीच. मॅक्सवेल आपला कुत्रा टोबी याला घेऊन टेबलाटेबलावर फिरत, अडलेल्याजवळ थांबत. कोणी काही प्रयोग करून पाहतो म्हटले तर ते अडवीत नसत. हवे ते नाही मिळाले तर दुसरे काही मिळेल असा त्यांचा हिशेब असे. जॉर्ज क्रिस्टल याच्याकडून त्यांनी ओहमचा नियम इतका बारकाईने तपासून घेतला, की त्या नियमाबद्दलची शंका मिटली. एक गोष्ट मात्र मला खटकते. स्त्रियांना प्रयोगशाळेत घेण्यास ते नाखूष होते. शेवटी परवानगी दिली तीही फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत, ते स्वतः स्कॉटलंडला गेलेले असताना.

त्यांच्या व्याख्यानांना गर्दी नसे. शेवटच्या एका मालेला बहुधा दोनच विद्यार्थी होते. त्यांतल्या ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी पुढे १९०४ साली रेडिओची पहिली व्हॉल्व्ह केली. याच वर्षांत मॅक्सवेल हेन्री कॅव्हेंडिश या शंभर वर्षांपूर्वीच्या संशोधकाचे धूळ खात पडलेले विजेचे कागद तपासून, त्यातले प्रयोग पुन्हा करून, छापण्यास तयार करीत होते. स्वतःचे काम बाजूला ठेवून त्यांनी हे का केले, असे काही जण विचारतात. त्यांना ते स्वतःचेच काम वाटले असावे. पत्नी आजारी पडली तेव्हा तीन आठवडे रात्र खुर्चीत काढून ते दिवसा प्रयोगशाळेत येत.

५ नोव्हेंबर १८७९ रोजी, आईला झालेल्या त्याच रोगाने, ४८व्या वर्षी केंब्रिजमध्ये त्यांचा अंत झाला. पार्टन गावच्या जुन्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले. कॅथरीनबाई १८८६ च्या डिसेंबरात वारल्या. त्यांनाही तेथेच ठेवले. जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांनी ते तरंग निर्माण करून व मोजून दाखवले, ते १८८७-८८ मध्ये.