जॉर्ज सायमन ओहम

विजेचा धडा शिकताना ‘ओहम’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. हे एका शाळामास्तरांचे नाव आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. त्यांचे वडील कुलुपे तयार करीत. स्वतः पुस्तके वाचून ते गणित शिकले होते. तेच त्यांनी आपल्या मुलांना शिकवले.

१८१७ साली ओहम कोलोन शहरातील शाळेत शिक्षक झाले. शाळेचे काम सांभाळून ते प्रयोग करीत. उपकरणेही स्वतःच बनवीत. त्या काळच्या बॅटरीचा दाब सारखा बदलत असे. म्हणून त्यांनी तांबे व बिस्मथ या धातूंचे सांधे केले. एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला. त्यामुळे एकसारखी वीज मिळाली. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्यांनी विद्युतधारा मोजली.

त्यातून एक साधा नियम सापडला. विद्युतदाब वाढला की धारा वाढते; तारेचा रोध वाढला की धारा कमी होते. दाबाला रोधाने भागले की धारा मिळते. समजा, टॉर्चमधील सेलचा दाब ३ व्होल्ट आहे आणि बल्बच्या तापलेल्या तारेचा रोध १० ओहम आहे. मग धारा किती? ०.३ अँपिअर. मात्र एक लक्षात ठेवा. तार थंड असताना तिचा रोध बराच कमी असतो. म्हणून हा नियम लावताना तापमान तेच राहिले पाहिजे.

१८२७ साली ओहम यांनी हा नियम पुस्तकात मांडला. त्यांना मोठ्या पदाची आशा होती. पण त्यांच्या देशातील अनेक विद्वानांनी पुस्तकाची कदर केली नाही. निराश होऊन त्यांनी कोलोनची नोकरी सोडली. काही वर्षे हलाखीत गेली. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. १८३३ मध्ये त्यांना न्यूरेंबर्ग येथे शिकवण्याचे काम मिळाले. अखेर १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिले. १८५२ मध्ये ते म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा त्यांचे वय ६३ वर्षांचे होते! दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, त्यांचे निधन झाले.

आज साऱ्या जगात रोध ‘ओहम’मध्येच मोजतात. मित्रांनो, खऱ्या कामाची कदर कधी उशिरा होते; म्हणून ते अर्धवट सोडू नये.