विमानाचा पार्ट कधी बदलायचा? हिशेब मांडला एका रेल्वेवाल्याने

माझ्या चार्जरची केबल नेहमी एकाच जागी जाते, प्लगच्या अगदी जवळ. कुणी ओढून तोडत नाही. रोज थोडीथोडी वाकून आतली तार तुटते. यालाच धातूचा थकवा, म्हणजे फटीग म्हणतात. विमानाचे कितीतरी पार्ट याच कारणाने ठरल्या वेळी बदलतात. या थकव्याचा पहिला नीट हिशेब मांडणारे ऑगस्ट व्योलर मात्र रेल्वेचे इंजिनिअर होते.

व्योलर यांचा जन्म १८१९ चा, आजच्या जर्मनीतल्या झोल्टाउचा. हॅनोव्हरला शिक्षण, मग बर्लिनमध्ये बोर्झिग यांच्या इंजिन कारखान्यात नोकरी. ते २२ वर्षांचे असताना फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल मोडला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. धडधाकट दिसणारा ॲक्सल अचानक का मोडतो, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

१८४७ पासून व्योलर एका प्रशियन रेल्वेची इंजिनं आणि डबे सांभाळू लागले. तिथे त्यांनी हा प्रश्न हातात घेतला. धावत्या डब्याखाली एक साधन बसवलं. ॲक्सल किती वाकतो ते जस्ताच्या पत्र्यावर ओरखड्यांतून उमटायचं. मग खास मशीन बनवून, वजनाने वाकवलेले दांडे लाखो वेळा फिरवले. १८७० पर्यंत निकाल छापून आले. एकदा टाकलं तर जे वजन दांड्याचं काही बिघडवत नाही, तेच पुन्हापुन्हा आलं तर तो मोडतो. वजन कमी केलं की जास्त फेरे टिकतो. आणि एका मर्यादेखाली पोलाद जवळजवळ थकतच नाही.

विमानाची गोची इथेच आहे. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते, म्हणून फेरे मोजावेच लागतात. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी विमानं हवेतच फुटली, ५६ जण गेले. मग तसंच एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवून केबिनचा दाब वाढवत-उतरवत राहिले. आधीची उड्डाणं धरून ३,०५७ फेऱ्यांना पत्रा फाटला.

आज इंजिनाच्या टर्बाइन डिस्कला असा आकडा आधीच ठरवलेला असतो. चाचणी आणि गणितातून आयुष्य काढायचं, आणि सुरक्षेसाठी त्याच्या बरंच अलीकडे थांबायचं. आकडा भरला की डिस्क निघते, एकही तडा दिसत नसला तरी.

व्योलर १९१४ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी हॅनोव्हरला वारले. ताण आणि फेरे यांच्या आलेखाला इंजिनिअर आजही व्योलर कर्व्ह म्हणतात. विमानात बसताना मला तरी त्यांचा तो जस्ताचा पत्रा आठवतो.