चार सुताचा बोल्ट आणि जोसेफ व्हिटवर्थ

घरात मोबाइलचा ट्रायपॉड असेल तर वरचा होल्डर फिरवून काढा. खाली दिसणारा स्क्रू पाव इंच जाडीचा आहे आणि त्याला इंचाला 20 आटे आहेत. ट्रायपॉड कुठल्याही कंपनीचा घ्या, स्क्रू हाच. पाव इंचाला 20 हा आकडा 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने आपल्या तक्त्यात मांडला. तेव्हा आपल्या ब्रह्मपुरीवर नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं.

मी डिग्रीने मेकॅनिकल, पोटापाण्याने सॉफ्टवेअरवाला. व्हिटवर्थचं नाव कॉलेजात एका मार्कापुरतं वाचलं होतं. त्याची खरी ओळख झाली ती मी स्वतः माती खाल्ली तेव्हा.

धानाचा हंगाम होता, मी दिवाळीला गावी आलो होतो. काकांच्या राइस मिलमधल्या जुन्या हलरचा एक बोल्ट तुटला. लांबी वेगळी, बाजारात मिळेना. मी हुशारी केली. मोबाइलवरच ड्रॉइंग काढलं, अर्धा इंच असं लिहिलं आणि एका सीएनसी वर्कशॉपला पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी बोल्ट आला, दिसायला एकदम चकाचक. हलरच्या बॉडीत तीन आटे गेला आणि जाम झाला. बाहेर लोकांची पोती रांगेत, मजूर बसून, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. म्हाताऱ्या फिटरकाकांनी पिच गेज लावलं तेव्हा कळलं की मशीनचे आटे इंचाला 12 आहेत, मी आणलेला बोल्ट 13 चा. ड्रॉइंगवर आटे किती हे मी लिहिलंच नव्हतं, म्हणून त्यांनी नेहमीचा अमेरिकन अर्धा इंच कापला. चूक शंभर टक्के माझी.

हलरचे ते 12 आटे व्हिटवर्थचे होते.

त्याचा जन्म 21 डिसेंबर 1803 चा, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचा. वडील शिक्षक, पुढे धर्मोपदेशक झाले. आई लहानपणीच गेली आणि मुलं दुसऱ्यांच्या घरी वाढली. 14 व्या वर्षी त्याला मामाच्या सूतगिरणीत धंदा शिकायला पाठवलं. पोराचं लक्ष धंद्यापेक्षा यंत्रांकडे जास्त. शेवटी तो तिथून निघाला आणि मँचेस्टरमध्ये साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला. 1825 मध्ये लग्न केलं आणि लंडन गाठलं. तिथे हेन्री मॉड्स्लेच्या कारखान्यात शिरला. स्क्रू कापायच्या लेथला नीट रूप देणाऱ्यांपैकी हा मॉड्स्ले एक. पुढे व्हिटवर्थने जोसेफ क्लेमंटकडेही काम केलं. हा क्लेमंट चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राचे भाग बनवायचा, म्हणजे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं त्याच्याशी लांबून का होईना नातं लागतं.

मॉड्स्लेकडे असताना व्हिटवर्थला एका प्रश्नाने धरलं: लोखंडाची पाटी खरंच सपाट आहे हे ओळखायचं कसं? दोन पाट्या रंग लावून एकमेकींवर घासल्या आणि जुळल्या, तरी एक फुगीर आणि दुसरी खोलगट असू शकते. त्याने तीन पाट्या घेतल्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी, अशा जोड्या लावत उंचवटे खरवडत राहायचं. तिन्ही एकमेकींशी जुळल्या की तिन्ही सपाटच असणार, दुसरा पर्यायच उरत नाही. मला हे प्रचंड आवडलं. हातात आधीचं कुठलंही अचूक माप नसताना अचूकपणा तयार केला!

1833 मध्ये मँचेस्टरला परतून त्याने स्वतःचं वर्कशॉप टाकलं. तेव्हा इंग्लंडभर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टला बसायचा नाही. आधी प्रत्येक मोबाइलला वेगळा चार्जर लागायचा ना, तसंच. व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मापं घेतली आणि सरासरीवरून नियम बांधला. आट्याचा कोन 55 अंश, टोक आणि बूड गोल, आणि प्रत्येक जाडीला आटे ठरलेले: पाव इंचाला 20, अर्ध्याला 12, एक इंचाला 8. 1841 मध्ये त्याने हा तक्ता लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे ठेवला. रेल्वेवाल्यांनी तो उचलला. रेल्वे भारतात आली तीही इंग्लंडच्या सामानावर, म्हणून ते आटे आपल्याकडे आले आणि टिकले. हार्डवेअरच्या दुकानात लोक आजही चार सुताचा बोल्ट मागतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

त्याचं मोजमापाचं यंत्र तर कमाल होतं. इंचाला 20 आट्यांचा स्क्रू, त्यावर 200 दात्यांचं चाक, ते फिरवणाऱ्या चकतीवर 250 खुणा. तिन्हींचा गुणाकार करा, 10 लाख. एक खूण सरकली की टोक इंचाच्या दहा लाखाव्या भागाने सरकलं. म्हणजे आटे मोजण्याच्या विद्येचा हा उस्ताद मोजायचाही आट्यानेच.

क्रिमियाच्या युद्धात नौदलाला गनबोटींसाठी 90 इंजिनं 90 दिवसांत हवी होती. वेगवेगळ्या कारखान्यांनी भाग बनवले, आणि ते जुळले. बंदुकीत मात्र त्याचं तितकं जमलं नाही. त्याच्या षट्कोनी नळीच्या रायफलचा नेम अप्रतिम होता, 1860 मध्ये विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियाने तिचा पहिला बार काढला, पण इंग्रज सैन्याने ती महाग म्हणून घेतली नाही. माणूस तिरसट होता असं म्हणतात. इतकं काटेकोर माप घेणाऱ्याला जगाचा ढिसाळपणा सहन होत नसेल, हा आपला माझा अंदाज.

1864 मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने 60 अंशांचा, सपाट टोकाचा आटा आणला. का? तर साध्या कारागिरालाही तो सहज कापता येतो. पुढे दुसऱ्या महायुद्धात इंग्लिश आणि अमेरिकन सामान एकमेकांना बसेना, मग 1948 मध्ये त्या देशांनी 60 अंश मान्य केले. आजचा मेट्रिक आटाही 60 चाच.

आता माझ्या बोल्टकडे. सीएनसीवर जी76 सायकल पिच बरोबर पाळते, कारण स्पिंडलवरचा एन्कोडर आणि टूल एका तालात चालतात. पण पिच बरोबर म्हणजे आटा बरोबर असं नाही. एम10, पिच 1.5 घ्या. 6जी टॉलरन्समध्ये आट्याच्या मधल्या उंचीवरचा व्यास 8.862 ते 8.994 मिमी हवा. जागा फक्त 0.132 मिमी, आणि साधा व्हर्नियर तिथे पोहोचतच नाही. त्यासाठी तीन तारा लावून मायक्रोमीटर वापरतात, नाहीतर गो आणि नो-गो रिंग गेज: पहिली जायला हवी, दुसरी अडकायला हवी. शेवटचा पास तेवढ्याच खोलीवर पुन्हा मारला की टूलचा दाब कमी होऊन माप जागेवर येतं.

या वेळी मी फिटरकाकांना शेजारी बसवून लिहिलं: अर्धा इंच, 12 आटे, 55 अंशांची इन्सर्ट. बोल्ट दुपारी आला. पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत गेला. संध्याकाळी मिल सुरू झाली.

व्हिटवर्थ 22 जानेवारी 1887 ला माँटे कार्लोत वारला. मूलबाळ नव्हतं. त्याने 1868 मध्येच तरुण इंजिनिअरांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या होत्या, आणि उरलेला पैसाही मोठ्या प्रमाणात मँचेस्टरमधल्या लोकोपयोगी कामांना गेला. त्याच्या नावाची आर्ट गॅलरी तिथे अजून आहे.

तो 13 आट्यांचा बोल्ट काकांनी फेकू दिला नाही. गल्ल्याशेजारी ठेवलाय, आणि मी गावी गेलो की कुणीतरी तो हमखास माझ्या हातात देतं.