शूसाकूचा नित्याभ्यास

जपानच्या होन्शू व शिकोकू ह्या मोठ्या बेटांमधील समुद्रांत इन्नोशिमा नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथील कुवाबारा नांवाच्या एका व्यापारी कुटुंबांत इ. स. १८२९ मध्यें तोराजिरो ह्या मुलाचा जन्म झाला. पुढें होनिन्बो शूसाकू ह्या नांवानें तो साऱ्या जपानांत प्रसिद्धीस आला. त्याच्या मृत्यूस आज दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. तरी गो ह्या खेळाचा मनापासून अभ्यास करणारा आणि शूसाकूचा एकही डाव मांडून न पाहिलेला असा मनुष्य विरळाच.

हा खेळ आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं पाहिला नसेल, म्हणून प्रथम दोन शब्द त्याविषयीं लिहितों. पटावर एकोणीस उभ्या व एकोणीस आडव्या रेघा असतात. त्या एकमेकींस जेथें छेदतात ते ३६१ बिंदु होतात. एका खेळाडूकडे काळ्या सोंगट्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या. आळीपाळीनें एकेक सोंगटी रिकाम्या बिंदूवर ठेवावयाची. ठेवलेली सोंगटी तेथून हलत नाहीं. शत्रूनें चोहोंकडून कोंडलेल्या सोंगट्यांस लागून एकही मोकळा बिंदु उरला नाहीं, म्हणजे त्या उचलल्या जातात. शेवटीं ज्यानें अधिक जागा वेढली तो जिंकतो. बुद्धिबळांप्रमाणें येथें राजा नाहीं, वजीर नाहीं, प्यादें नाहीं. सर्व सोंगट्या सारख्या. नियम घटकाभरांत समजतात. खेळ मात्र जन्मभर पुरतो.

तोराजिरोस हा खेळ त्याच्या आईनें शिकविला. तो तान्हेपणीं रडूं लागला कीं हातांत सोंगट्या देतांच उगा राही, अशी कथा सांगतात. मोठ्या माणसांच्या बालपणाभोंवतीं अशा कथा नेहमींच जमतात, व त्यांवर फार विसंबूं नये. खरें महत्त्वाचें तें पुढेंच घडलें. मिहारा येथील किल्ल्याचे अधिपति असानो ह्यांनीं त्या पोराशीं एक डाव खेळून पाहिला, आणि त्याची योग्यता ओळखून त्याला आपल्या आश्रयास घेतलें. होशिन नांवाचे एक धर्मगुरु असानोंस गो शिकवीत असत. त्यांच्याकडे मुलाचा पहिला पद्धतशीर अभ्यास झाला. १८३७ सालीं, अवघ्या आठव्या वर्षीं, त्याला एदो शहरीं, म्हणजे आजच्या टोकियोस, पाठविण्यांत आलें. रस्त्यानें हें अंतर चारशें मैलांहून अधिक. आठ वर्षांच्या मुलास इतक्या दूर धाडतांना त्या माउलीस काय वाटलें असेल, ह्याची कल्पना आपल्या पाल्यास वसतिगृहांत ठेवणाऱ्या पालकांस सहज येईल.

एदोमध्यें त्या काळीं गो खेळाचीं चार घराणीं होतीं व त्यांस सरकारांतून तनखा मिळत असे. त्यांत होनिन्बो घराणें अग्रगण्य. शिष्यांनीं गुरुगृहींच राहावें, घरचीं कामें करावीं आणि शिकावें, अशी तेथील रीत. आपल्याकडील जुन्या गवयांच्या घरीं शिष्य राहत, तसाच कांहींसा हा प्रकार. घराण्याचे प्रमुख नवशिक्यांबरोबर क्वचितच पटावर बसत. रोजची शिकवण वडील शिष्यांकडून मिळे. इतो शोवा हे अशांपैकींच एक. त्यांचें तोराजिरोवर लक्ष असे.

आतां ह्या शिक्षणाचें स्वरूप थोडें विस्तारानें सांगावेंसें वाटतें, कारण शूसाकूच्या यशाचें मूळ मला त्यांतच दिसतें. गो शिकणारा विद्यार्थी केवळ डावामागून डाव खेळत बसला, तर त्याचा हात बसतो खरा, पण त्याबरोबर चुकाही बसतात. म्हणून थोर खेळाडूंच्या डावांच्या नोंदी घेऊन त्या पहिल्या सोंगटीपासून शेवटच्या सोंगटीपर्यंत पटावर मांडावयाच्या, असा परिपाठ पूर्वींपासून चालत आला आहे. चांगला विद्यार्थी नोंदीतील पुढची खेळी झांकून ठेवतो, आपण असतों तर कोठें खेळलों असतों हें आधीं ठरवितो, आणि मग उघडून पाहतो. जेथें आपली व त्या थोर खेळाडूची खेळी जुळली नाहीं, तेथें थांबावयाचें. हें काम सावकाश होतें आणि मानहानीचेंही असतें. पण शिक्षण त्याच ठिकाणीं होतें. दुसरा अभ्यास कूट प्रश्नांचा. कोंपऱ्यांतील कांहीं सोंगट्या कोंडल्या गेल्या आहेत, त्या जगतील कीं मरतील, हें सोंगटीस हात न लावतां मनांतल्या मनांत शेवटपर्यंत पाहावयाचें. असे पांचसात प्रश्न रोज सोडविणें हें पट्टीच्या गवयाच्या पहांटेच्या मेहनतीसारखें आहे. तें एक आठवडा सुटलें कीं दृष्टि मंदावते. ह्याशिवाय आपल्याहून बलवानाशीं डाव, आणि तो हरल्यावर सोंगट्या आवरून उठून न जातां तोच डाव पुन्हां मांडून कोठें बिघडलें त्याचा शोध. आमच्या मुलांना गणितांत चुकलेलें उदाहरण पुन्हां करावयास सांगितलें कीं त्यांचे चेहरे कसे होतात, हें मला ठाऊक आहे!

ह्या क्रमांत घाईला जागा नव्हती. तरी तोराजिरोनें अकरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच पहिली श्रेणी मिळविली. श्रेण्या एकंदर नऊ, आणि नववी बहुधा एका वेळीं एकाच पुरुषाकडे असे. पुढें घराण्यांत त्यास शूसाकू हें नांव मिळालें. मधून मधून तो गांवीं जाऊन राही.

असाच एकदां गांवाहून एदोस परततांना, १८४६ सालीं, ओसाका येथें त्याची गांठ गेन्नान इन्सेकी ह्यांच्याशीं पडली. गेन्नान हे इनोउए घराण्याचे प्रमुख, आठव्या श्रेणीचे. शूसाकू सतरा वर्षांचा, चौथ्या श्रेणीचा. पहिल्या डावांत शूसाकूस दोन सोंगट्या आगाऊ देण्यांत आल्या. परंतु एवढी सवलत ह्या मुलास फार होते हें गेन्नानांनीं लौकरच ओळखलें, तो डाव अर्धाच सोडला, आणि पुढचा सवलतीवांचून मांडला. त्या डावांत गेन्नानांचीच सरशी होत होती. तेव्हां शूसाकूनें १२७ वी सोंगटी पटाच्या मध्यभागाजवळ ठेवली. पाहणाऱ्यांत एक वैद्य होता. त्याला खेळाचें ज्ञान बेताचेंच, पण ती सोंगटी पडतांच गेन्नानांचे कान लाल झालेले त्यानें टिपले, आणि ते अस्वस्थ झाल्याचें ताडलें, असें सांगतात. शूसाकूनें तो डाव दोन गुणांनीं जिंकला.

एदोस परतल्यावर होनिन्बो घराण्यानें त्याला आपला वारस नेमण्याचा विचार केला. ह्याहून मोठा मान खेळाडूस नव्हता. पण शूसाकूनें लगेच होकार दिला नाहीं. आपल्याला वाढविलें तें मिहाराच्या अधिपतींनीं, त्यांची सेवा सोडून जावें कसें, हा त्याचा प्रश्न होता. अखेर त्यांची संमति मिळविण्यांत आली, आणि १८४८ सालीं तो घराण्याचे प्रमुख शूवा ह्यांचा वारस झाला. त्याच वर्षीं पूर्वींचे प्रमुख जोवा ह्यांची कन्या हाना हिच्याशीं त्याचा विवाह झाला. काळ्याची खेळी पहिली असल्यानें काळ्या सोंगट्या घेणें हें कनिष्ठाचें लक्षण. शूसाकू गुरूच्या बरोबरीस आला, तरी शूवांशीं खेळतांना पांढऱ्या सोंगट्या घेण्यास त्यानें नकार दिला.

दरवर्षीं एदोच्या किल्ल्यांत शोगूनसमोर चारही घराण्यांचे डाव होत. १८४९ पासून १८६१ पर्यंत शूसाकू तेथें एकोणीस डाव खेळला व एकोणीसही जिंकला. हा विक्रम दुसऱ्या कोणासही साधला नाहीं. १८५३ सालीं ओता यूझो ह्या सातव्या श्रेणीच्या खेळाडूशीं त्याचा तीस डावांचा सामना सुरू झाला. तेविसावा डाव बरोबरींत सुटला व सामना तेथेंच थांबला. तोंपर्यंत शूसाकूच पुढें होता. पहिल्या तीन सोंगट्या तीन कोंपऱ्यांवर ठेवून सातवी तिरपी, शांतपणें सरकविण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकांत ती मंद म्हणून मागें पडली होती. अलीकडे मनुष्यांस हरविणाऱ्या गणकयंत्रांनीं ती खेळी पुन्हां चांगली ठरविली आहे.

१८६२ सालीं एदोमध्यें पटकीची सांथ पसरली. होनिन्बो घराण्याच्या वास्तूंतही माणसें आजारी पडलीं. शूवांनीं शूसाकूस दूर राहण्याविषयीं बजावलें, कारण घराण्याची सारी आशा त्याच्यावर होती. शूसाकूनें ऐकलें नाहीं. तो आजाऱ्यांची शुश्रूषा करीत राहिला. अखेर त्यालाच रोगानें गांठलें, आणि ३ सप्टेंबर रोजीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, तो मरण पावला. त्या घरांतील इतर रोगी वांचले, असें सांगतात.

शूवांस दुसरा वारस शोधावा लागला. सहा वर्षांनीं शोगूनशाही संपली, पुढें तनखेही बंद झाले, आणि तोराजिरो आठव्या वर्षीं ज्या घराण्यांत आला त्यास वाईट दिवस आले. त्याच्या शेंकडों डावांच्या नोंदी मात्र शिल्लक राहिल्या. त्या आज छापील मिळतात, आणि जपान, चीन व कोरिया येथील मुलें पुढची खेळी हातानें झांकून त्या पटावर मांडीत असतात.