दुखणाईत पेशवा

क्षयरोग आपल्या भागाला नवा नाही. साताऱ्याकडे पाचगणीला आणि इकडे सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम होती. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ही नावे आपण ऐकली आहेत. त्याच्याही फार आधी, या रोगावर औषधच नव्हते तेव्हा, एका तरुणाने तो अंगावर बाळगून राज्य चालवले. ते थोरले माधवराव पेशवे. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’मुळे ते घरोघर पोहोचले, पण कादंबरी बाजूला ठेवूनही त्यांचे आजारपण पाहण्यासारखे आहे.

माधवरावांचा जन्म १७४५चा. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर थोरला भाऊ विश्वासराव पडला, जूनमध्ये वडील नानासाहेब गेले आणि जुलैमध्ये सातारच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे या सोळा वर्षांच्या मुलाला मिळाली. खजिना रिकामा, बाहेर निजाम आणि हैदर, आणि घरात चुलते रघुनाथराव! त्या घरच्या भांडणात रघुनाथरावांनी गोपाळराव पटवर्धनांची मिरज काढून घेतली. १७६३च्या राक्षसभुवनच्या लढाईनंतर ती माधवरावांनी गोपाळरावांना परत दिली, हे मिरजकरांना सांगायला नकोच.

साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे त्यांचे न्यायाधीश. एकदा माधवराव जपात गढून गेले आणि कारभार खोळंबला. जप करायचा असेल तर राज्य सोडून गंगेकाठी जावे, असे शास्त्र्यांनी तोंडावर सुनावले. माधवराव स्वभावाने तापट, पण ते त्यांनी ऐकले. खरे बोलणारी माणसे त्यांनी जवळ ठेवली. दुखण्यात तीच उपयोगी पडली, असे आम्हांला वाटते.

१७७० मध्ये हैदरवरच्या मोहिमेत असताना प्रकृती ढासळली आणि त्यांना पुण्याला परतावे लागले. लढवय्या माणसाला छावणी सोडून अंथरुण धरणे किती जड गेले असेल! घरात दीर्घ दुखणे असलेल्यांना ते कळेल. पण मोहीम थांबली नाही. फौज त्र्यंबकराव मामांच्या हाती दिली आणि मार्च १७७१ मध्ये श्रीरंगपट्टणजवळ मोती तलावावर मामांनी हैदरचा पराभव केला. उत्तरेत महादजी शिंदे आणि इतर सरदारांनी जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाहआलमला दिल्लीत परत बसवले. पानिपतची भरपाई झाली ती अशी, पेशवे पुण्यात झिजत असताना.

तेव्हा वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांना सापडला तो १८८२ मध्ये. आज याच रोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि ती पुरी घेतली तर बहुतेक रोगी बरे होतात. तरीही खोकला लपवणारी माणसे आहेतच!

शेवटचे दिवस माधवरावांनी थेऊरला चिंतामणीच्या देवळाजवळ काढले. आपण वाचत नाही हे त्यांनी ओळखले होते. सप्टेंबर १७७२ मध्ये त्यांनी नऊ कलमांची यादी करून ठेवली. आपले कर्ज खासगी खजिन्यातून फेडावे, वसुलीच्या ज्या पद्धतीने रयत नाडली जाते ती चौकशी करून बदलावी, अशी कलमे तीत आहेत. कैदेत ठेवलेल्या चुलत्यांना मोकळे केले आणि धाकट्या नारायणरावांना त्यांच्या हवाली केले.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते गेले. पत्नी रमाबाई सती गेल्या. त्या प्रथेचे कौतुक आम्हांला करवत नाही.

चुलत्यांवर ठेवलेला विश्वास मात्र फुकट गेला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले, पद सोडले आणि ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.