लक्ष्मणरावांचे पहारेकरी

किर्लोस्कर म्हटलं की आपल्याला लॅबमधला पंप आठवतो. पण या नावामागचा माणूस मुळात चित्रकार व्हायला मुंबईत आला होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं आणि पेंटिंग सुटलं. उरलं मेकॅनिकल ड्रॉइंग (हो, आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो तेच!). तेच ते व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला भावाबरोबर सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळे नांगर खपेनात.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ आणि १० हजार रुपये बिनव्याजी दिले. निवडुंग तोडून १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

इथपर्यंतची गोष्ट यशोगाथांच्या पुस्तकांत असतेच. मला त्यापेक्षा वाडीतल्या रात्रींबद्दल सांगायचंय. उघड्या माळावरचा कारखाना म्हणजे पहारा हवाच. लक्ष्मणरावांनी त्या कामावर चक्क तुरुंगातून सुटून आलेली माणसं नेमली!

जरा विचार करा. सुटलेल्या माणसाला कुणी फार तर हमाली देईल, तीसुद्धा नजरेसमोर. इथे उलटंच होतं. सगळे झोपलेले असताना माल आणि बायकामुलं ज्याच्या भरवशावर, तो पहारेकरी. आमच्या तळवलीत बिल्डिंगला वॉचमन ठेवायचा तर आधी पोलीस व्हेरिफिकेशन. त्यात जुनी केस निघाली की विषय संपला. सोसायटीवाल्यांची भीती मला खोटी वाटत नाही. पण मग त्या माणसाने नेमकं कुठे जायचं?

आणि काळ कोणता? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. गुन्हा न करताही पोलिसांकडे हजेरी लावायची. हा कायदा देशातून गेला तो थेट १९५२ मध्ये. अशा दिवसांत लक्ष्मणराव माणसाचा मागचा रेकॉर्ड बाजूला ठेवत होते. वाडीत त्यांनी अस्पृश्यताही पाळू दिली नाही. कारखान्याभोवती कामगारांची घरं, शाळा अशी वस्ती होती. म्हणजे तिथे काम मिळालं की पगाराबरोबर शेजारही मिळत असणार. सुटलेल्या माणसाला माझ्या मते शेजारच जास्त अवघड जातो.

याच औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंती नाहीत, कैदी कुटुंबासह राहून शेती करणार. त्यावरूनच ग. दि. माडगूळकरांना व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा सुचली. सिनेमातले सहा कैदी ओसाड माळावर पीक काढतात. तो १९५७ मध्ये आला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजीच गेले होते, त्यांना तो बघायला मिळाला नाही.